निळी कूर्चा, तांबडं हाड: सालामँडरचा हात प्रयोगशाळेत कसा वाचतात

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभं राहिलं की आपल्या कोल्हापुरात माणूस नकळत थोडं हाडांचं शास्त्र शिकतो. मटण कोवळं आहे की जून, हे ओळखायला जाणती माणसं नळीच्या टोकाकडं बघतात. कोवळ्या बोकडाच्या नळीचं टोक पांढरं-निळसर, चकचकीत असतं, आणि रस्सा चांगला शिजला की ते मधल्या दांड्यापासून सुटून हातात येतं. जून जनावरात ते सुटत नाही; टोक आणि दांडा एकजीव झालेले असतात. दाताखाली कुरकुरणारा तो मऊ भाग म्हणजे कूर्चा.

बोकड असो, माणूस असो की बेडूक, हातापायाचं हाड अगदी सुरुवातीला हाड नसतंच. आधी कूर्चेचा साचा तयार होतो. मग त्या साच्याच्या मध्यापासून हाड बनायला लागतं आणि ते दोन्ही टोकांकडं सरकत जातं. नळीचं कुरकुरीत टोक म्हणजे या कामाचा अजून न संपलेला भाग. एवढं मनात पक्कं ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

हे आठवायला कारण झाली एक विद्यार्थिनी. भुदरगड तालुक्यातली, प्राणीशास्त्र घेऊन आलेली. तिनं मला विचारलं, "मॅडम, आपल्या कपाटात बेडकाचा सांगाडा आहे, कबुतराचा आहे, सशाचा आहे. सालामँडरचा का नाही? आणि पुस्तकात त्याच्या हाताचं चित्र असलं की ते कायम निळं-तांबडंच का असतं?"

वर्गात मी थोडक्यात उत्तर दिलं, पण हा प्रश्न थोडक्यात उरकण्यासारखा नव्हता. म्हणून हा लेख.

सालामँडर म्हणजे शेपूट असलेला बेडकाचा चुलतभाऊ. आकार पालीसारखा, पण अंगावर खवले नाहीत आणि कातडी ओलसर. उभयचरांचे आज तीन गट आहेत: बेडूक, पाय नसलेले देवगांडूळ आणि सालामँडर. पहिले दोन आपल्या शेजारचे. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात, आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात दोन्ही भेटतात. तिसरा गट सह्याद्रीत नाही. भारतात सालामँडर पाहायचा तर दार्जिलिंगच्या डोंगरात नाहीतर ईशान्येकडं जावं लागतं, आणि तिथंही त्याला कायद्याचं संरक्षण आहे. कपाटात तो का नाही, याचं पहिलं कारण हे.

मग जगभरच्या प्रयोगशाळा या प्राण्याच्या हातापायांमागं का लागल्यात? कारण त्याचा तुटलेला पाय परत येतो. नुसतं कातडं भरून येत नाही. हाड, स्नायू, नसा, बोटं, सगळं जागच्या जागी. इटलीच्या लाझ्झारो स्पालान्झानींनी १७६८ मध्ये हे लिहून प्रसिद्ध केलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत, प्रौढ वयातही अख्खा पाय असा पुन्हा उभा करणं सालामँडरलाच जमतं. आजचा प्रयोगशाळेतला लाडका सालामँडर म्हणजे मेक्सिकोचा ॲक्सोलोटल. मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्को तळ्यात तो नामशेष व्हायच्या काठावर आहे, पण प्रयोगशाळांच्या टाक्यांत हजारोंनी जगतोय. १८६४ मध्ये ३४ ॲक्सोलोटल जहाजानं पॅरिसला आले. तिथं त्यांची पैदास झाली आणि आजच्या प्रयोगशाळांतल्या बहुतेक ॲक्सोलोटलांचं मूळ त्या खेपेशी जाऊन मिळतं.

त्याचा हात आपल्या हातासारखाच रचलेला आहे. दंडात एक हाड, कोपराच्या खाली दोन, मग मनगटात लहान लहान तुकड्यांचा पुंजका, मग तळहात आणि बोटांची पेरं. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. फरक आहे तो हाड किती झालंय यात. लांब हाडांच्या दांड्याभोवती हाडाचं पातळ नळकांडं असतं, पण दोन्ही टोकं कूर्चेची. ॲक्सोलोटल तर कल्ल्यांसकट आयुष्यभर पाण्यातच राहतो, एका अर्थी मोठा होऊनही पोरच राहतो, आणि त्याच्या मनगटातले तुकडे वयात आल्यावरही बराच काळ कूर्चेचेच असतात. म्हणजे त्याचा हात कोवळ्या मटणाहूनही कोवळा.

आता असा हात वाळवून बघा. कूर्चेच्या वजनात मोठा वाटा पाण्याचा असतो. पाणी उडालं की मनगटाचा पुंजका आवळतो, वेडावाकडा होतो, पापुद्र्यासारखा चिकटून बसतो. संग्रहालयांत सांगाडे साफ करायला मांस खाणारे भुंगे सोडतात. मोठ्या जनावरासाठी ती पद्धत उत्तम, पण इथं भुंगे मांसाबरोबर कूर्चाही फस्त करतील आणि मागं उरतील मोहरीएवढे सुटे दांडे. कुठला दांडा कुठल्या बोटाचा, हे कुणी सांगायचं? म्हणून सालामँडरचा सांगाडा अंगातून बाहेर काढत नाहीत. तो जिथं आहे तिथंच ठेवतात आणि भोवतालचं अंगच दिसेनासं करतात.

हे कसं साधतं, हा या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. म्हणून इथं जरा रेंगाळते.

गोष्ट सुरू होते एका जेवणापासून. १७३६ मध्ये लंडनचे शल्यवैद्य जॉन बेल्चियर एका कापड छापणाऱ्याकडं जेवायला गेले होते. ताटात डुकराचं मांस होतं आणि त्याची हाडं तांबडी होती. चौकशी केल्यावर कळलं की रंगाच्या कामात वापरलेला कोंडा त्या डुकरांना खायला घालत, आणि त्यात मॅडर नावाच्या झाडाच्या मुळीचा तांबडा रंग होता. आपल्याकडची मंजिष्ठा याच घराण्यातली. तो रंग मांसाला लागला नव्हता, चरबीला लागला नव्हता, फक्त हाडाला लागला होता. पुढं फ्रान्सच्या द्युआमेल द्यु मॉन्सो यांनी जनावरांना काही दिवस ही मुळी घालायची, काही दिवस बंद करायची, असं करून पाहिलं. हाडात तांबडे आणि पांढरे थर आलटून पालटून आले. हाड बाहेरून थरावर थर चढवत जाड होतं, हे त्यातून डोळ्यांना दिसलं.

त्या मुळीतलं मुख्य रंगद्रव्य म्हणजे ॲलिझरीन. ते कॅल्शियमला घट्ट धरतं. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते कृत्रिमरीत्या बनवण्याची वाट शोधली, आणि त्याचं पाण्यात विरघळणारं रूप, ॲलिझरीन रेड एस, आज प्रत्येक हाडांच्या प्रयोगशाळेत बाटलीत असतं.

निळ्या रंगाची कथाही कापडाचीच. ॲल्शियन ब्लू हा विसाव्या शतकात कापड रंगवायला बाजारात आलेला रंग. १९५० मध्ये स्टीडमन यांनी तो शरीरातल्या बुळबुळीत, साखरेसारख्या रेणूंना रंगवायला वापरला. त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. कूर्चेत गंधक असलेल्या साखरेच्या लांब साखळ्या खच्चून भरलेल्या असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. द्रावण पुरेसं आंबट असलं की इतर बहुतेक रेणूंचा भार मावळतो, कूर्चेचा मात्र टिकतो. त्यामुळं रंग नेमका तिथंच जाऊन बसतो. आमच्याकडं इचलकरंजीहून येणारी, घरात माग असलेली पोरं ही जुळणी पटकन पकडतात. कुठला रंग कुठल्या धाग्यावर धरतो आणि त्याला काय लावावं लागतं, हे त्यांनी घरीच पाहिलेलं असतं. मांसातून हाड निवडून रंगवणं आणि सूत निवडून रंगवणं, दोन्हींत विद्या एकच आहे.

रंग बसला तरी मांसाआडून तो दिसणार कसा? भजी बांधलेला कागद आठवा. कोरा असतो तेव्हा आरपार दिसत नाही. तेल पडलं की त्या डागातून पलीकडची अक्षरं दिसतात. कागदाचे तंतू आणि मधली हवा प्रकाशाला वेगवेगळं वाकवतात, म्हणून प्रकाश विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. हवेच्या जागी तेल शिरलं की तंतू आणि तेल प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात आणि विखुरणं थांबतं. शरीराचंही तसंच. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, १.३३, मांसातल्या प्रथिनांचा त्याहून बराच जास्त. पाण्याच्या जागी १.४७ अपवर्तनांकाचं ग्लिसरीन भरलं की मांस काचेसारखं होत जातं. लाइपझिगच्या वेर्नर श्पाल्टेहोल्ट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तत्त्व वापरून अख्खे अवयव पारदर्शक केले होते. अर्थात ते दुसरी द्रव्यं वापरत, पण हिशेब हाच.

या तिन्ही गोष्टी, तांबडा, निळा आणि पारदर्शकता, एकत्र बांधणारी पद्धत १९७० च्या दशकात पक्की झाली. १९७७ चा डिंगरकस आणि उलर यांचा निबंध आजही विद्यार्थ्यांच्या टेबलावर सापडतो. कृती साधारण अशी चालते. प्राण्याला आधी भूल देऊन वेदनेशिवाय मारतात, मग सडू नये म्हणून फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. मोठा असेल तर कातडी आणि आतडी काढतात. सालामँडरची कातडी काढायचं खास कारण आहे: तिच्यात शेंबडासारखा स्राव करणाऱ्या ग्रंथी असतात आणि ॲल्शियन ब्लू त्यांनाही तितक्याच आवडीनं रंगवतो. कातडी राहिली तर हाताच्या जागी निळा हातमोजाच दिसतो. मग अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात निळा रंग. त्यानंतर टाकणखाराच्या पाण्यात आम्ल मारायचं. मग ट्रिप्सिन, म्हणजे स्वादुपिंडातलं पाचक विकर. ते स्नायूंची प्रथिनं पचवतं, पण सांधे बांधून ठेवणाऱ्या कोलॅजन या चिवट प्रथिनाला हात लावत नाही. म्हणून मांस विरघळलं तरी हाताचा आकार आणि सांधे जागेवर राहतात. त्यानंतर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ॲलिझरीन, आणि शेवटी ग्लिसरीनचं प्रमाण पायरीपायरीनं वाढवत शुद्ध ग्लिसरीनपर्यंत. बाटलीत बुरशी धरू नये म्हणून थायमॉलचा एक खडा टाकतात. थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं फूल. अमृतधारेत असतं तेच.

लहान डिंभाला, म्हणजे अंड्यातून आलेल्या पिल्लाला, हे सगळं व्हायला काही दिवस लागतात, मोठ्या प्राण्याला काही आठवडे. घाई केली की बिघडतं, आणि विसरलं तर त्याहून बिघडतं. माझ्या हातून एकदा ते झालंय. सालामँडर नव्हते, बाजारातून आणलेले लहान मासे होते. दिवाळीच्या सुट्टीआधी ते निळ्या रंगात घातले आणि घरच्या गडबडीत तिथंच राहिले. सुट्टीनंतर आल्यावर पुढच्या पायऱ्या नीट केल्या, ॲलिझरीन घातलं, पण तांबडा ठिपकासुद्धा दिसेना. अख्खा मासा निळा. मला वाटलं बाटलीतला रंगच खराब. खरं कारण साधं होतं. कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं की कवच विरघळतं आणि रबरासारखं अंडं हाताशी येतं. निळ्या रंगाच्या द्रावणात तेच आम्ल असतं. हाडातला कॅल्शियम हळूहळू निघून गेला आणि ॲलिझरीनला धरायला काही उरलंच नाही. मासे हाडांसकट होते, पण माझ्या बाटलीत ते हाडं नसलेले दिसत होते.

त्या दिवशी मला जे कळलं ते मी तेव्हापासून प्रत्येक वर्गाला सांगते: रंग हाड दाखवत नाही, कॅल्शियम दाखवतो. दोन्ही बाजूंनी ही गोष्ट फसवते. कॅल्शियम गेला तर हाड असून दिसत नाही. उलट, म्हाताऱ्या कूर्चेत कॅल्शियम साठला तर ती हाड न होताही तांबडी दिसते. संग्रहालयातल्या जुन्या बरण्यांबद्दल हीच भीती असते. साधं फॉर्मेलिन कालांतरानं आंबट होतं आणि बरणीतल्या बरणीत हाडांतला कॅल्शियम काढून घेतं. अशा नमुन्यावरून "या जातीच्या मनगटात हाड होत नाही" असं लिहून टाकणं फार सोपं आणि फार चुकीचं. म्हणून आज आम्लता रोखलेलं फॉर्मेलिन वापरतात, आणि नाजूक डिंभांसाठी आम्लाशिवाय, मॅग्नेशियम क्लोराइडच्या मदतीनं दोन्ही रंग देण्याची पद्धत वॉकर आणि किमेल यांनी २००७ मध्ये झेब्रा माशांवर बसवली.

या निळ्या-तांबड्या बाटल्यांनी काय शिकवलं? बोटांचा क्रम.

ॲक्सोलोटलचे पाय अंड्यातून बाहेर आल्यानंतर वाढत जातात, आधी पुढचे, मग मागचे. रोज थोडे डिंभ घेऊन रंगवले की निळे ठिपके एकामागून एक उमटताना दिसतात, पुतळ्याचा साचा भरत जावा तसे. आपल्या हातात, कोंबडीत, बेडकातसुद्धा सुरुवात करंगळीच्या बाजूनं होते. अनामिकेचा साचा आधी उमटतो, अंगठा मागून येतो. सालामँडरमध्ये उलटं. अंगठ्याकडची पहिली दोन बोटं आधी, आणि त्यांच्या बुडाशी मनगटाचा एक सामाईक तुकडा. मग तिसरं, चौथं, आणि मागच्या पायात पाचवं. चार पायांच्या प्राण्यांच्या घराण्यात आज हे एकटं कुटुंब असं उलट्या बाजूनं मोजतं. नील शुबिन आणि पेरे आल्बेर्च यांनी १९८६ मध्ये या क्रमांची सविस्तर तुलना मांडली.

त्याआधी आल्बेर्च आणि एमिली गेल यांनी एक सुंदर प्रयोग केला होता. वाढत्या पायाला कोल्चिसिन नावाचं रसायन लावलं तर पेशींचं विभाजन मंदावतं आणि पाय लहान राहतो, सगळी बोटं मावत नाहीत. मग कुठलं बोट गळतं? बेडकात अंगठ्याच्या बाजूचं, ॲक्सोलोटलमध्ये करंगळीच्या बाजूचं. दोन्हीकडं नियम एकच: जे शेवटी यायचं, ते आधी जातं. निसर्गात ज्या बेडकांची आणि सालामँडरांची बोटं कमी झालीत, त्यांच्यातही साधारण याच बाजूची बोटं कमी झालेली दिसतात. नुसतं मेलेल्या प्राण्याची बोटं मोजून हे कधीच कळलं नसतं. २००७ मध्ये नादिया फ्रॉबिश आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या ब्रँकिओसॉर या उभयचरांचे जर्मनीतले जीवाश्म तपासले. लहान-मोठ्या वयाचे भरपूर नमुने होते, आणि त्यांच्यातही बोटांची हाडं अंगठ्याच्या बाजूनंच बनत गेल्याचं दिसलं. म्हणजे ही उलटी मोजणी फार जुनी आहे.

ठिपका निळा व्हायच्या आधीही तिथं काहीतरी चाललेलं असतं. पेशी गोळा होतात, ठरवतात, पण साखरेच्या साखळ्या अजून बनवलेल्या नसतात. ॲल्शियन ब्लूच्या लेखी ती जागा रिकामी. तिथं जनुकांचा माग काढावा लागतो. कूर्चा व्हायचं ठरलेल्या पेशीत सॉक्स-९ नावाचं जनुक चालू होतं. त्याच्या संदेशाला नेमकी चिकटणारी, रंग किंवा प्रकाश देणारी छोटी साखळी प्रयोगशाळेत बनवून ती नमुन्यात सोडतात. जिथं चिकटली तिथं उद्याचं बोट.

आता काप. तांबडा भाग खरं हाड की कॅल्शियम साठलेली कूर्चा, याचा निकाल इथंच लागतो. बोट मेणात बसवून मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे पातळ काप घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या. कूर्चेच्या पेशी मोठ्या, गोल, आपापल्या खोलीत बसलेल्या असतात. हाडाच्या पेशी बारीक, थरांत अडकलेल्या असतात. कापण्याआधी कॅल्शियम मुद्दाम काढून टाकतात, नाहीतर पात्याला धार राहत नाही. माझ्या हातून दिवाळीत जे चुकून झालं, ते इथं शिस्तीनं करतात.

याच कापांतून प्राण्याचं वयही कळतं. थंडीत किंवा अन्न नसलेल्या काळात हाडाची वाढ थांबते आणि झाडाच्या खोडासारखी एक रेघ पडते. बोटाचं एक पेर पुरतं, प्राणी मारावा लागत नाही. आपल्या जवळच्या धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात, या पद्धतीनं लहानशा मायक्रोहायला बेडकाचं वय काढण्याचं काम झालंय. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्याकडं कडक थंडी नाही, तरी रेघा पडतात, हे त्यातलं महत्त्वाचं. सालामँडरवर हे करताना मात्र एक गोष्ट आधी पाहावी लागते: हे बोट मूळचं आहे की नव्यानं आलेलं? नवं असेल तर त्यातल्या रेघा प्राण्याचं नव्हे, बोटाचं वय सांगतील.

सूक्ष्म सीटी स्कॅनबद्दल फार लिहीत नाही, कारण दवाखान्यातला सीटी सगळ्यांना माहीत आहे. हा तोच, फक्त कित्येक पट बारीक. नमुना कापावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. संग्रहालयातला शंभर वर्षांचा एकुलता एक नमुनाही तपासता येतो. पण क्ष-किरणही शेवटी कॅल्शियमच पाहतात. सीटीतल्या चित्रात ॲक्सोलोटलची बोटं मनगटापासून तुटून हवेत तरंगताना दिसतात, कारण मधली कूर्चा यंत्राला दिसतच नाही. मऊ भाग पाहायचा तर नमुना आधी आयोडिनात किंवा टंगस्टनच्या आम्लात मुरवावा लागतो. अमेरिकेतल्या संग्रहालयांनी २०१७ ते २०२३ या काळात ओव्हर्ट या प्रकल्पात १३,००० हून जास्त कणाधारी प्राण्यांचे असे स्कॅन करून इंटरनेटवर खुले केलेत. माझी विद्यार्थिनी राजारामपुरीतल्या खोलीवर बसून फुकटात सालामँडरचा सांगाडा फिरवून पाहते. आमच्या वेळी हे स्वप्नातही नव्हतं.

राहिला जिवंत प्राणी. वर सांगितलेल्या सगळ्या पद्धती एका क्षणाचा फोटो काढतात. पाय परत कसा येतो हे बघायला सिनेमा हवा. त्यासाठी कॅल्सिन नावाचा रंग देतात. तो नव्यानं जमणाऱ्या कॅल्शियमला धरतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. आज हिरवा, काही आठवड्यांनी जिवंतपणीच तांबडं ॲलिझरीन. मग दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या काळातली वाढ. द्युआमेलची डुकरं-कोंबड्यांवरची युक्ती, पावणेतीनशे वर्षांनी, इजा न करता.

त्याहून पुढची पायरी म्हणजे पेशींनाच कायमची खूण करणं. हिरवा चमकणारा प्रथिनाचा जनुक घातलेले ॲक्सोलोटल आहेत. त्यांच्या अंगातला एकाच प्रकारचा तुकडा, समजा फक्त कूर्चा किंवा फक्त स्नायू, साध्या ॲक्सोलोटलच्या पायात बसवायचा, पाय कापायचा आणि नव्या पायात हिरवं कुठं जातं ते पाहायचं. पूर्वी समज होता की कापलेल्या टोकावर जमणारा पेशींचा गोळा, ब्लास्टेमा, सगळं विसरलेला असतो आणि त्यातून काहीही बनू शकतं. २००९ मध्ये ड्रेस्डेनला एली तनाकांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कामानं तो समज बदलला. स्नायूतून आलेली पेशी स्नायूच बनवते, कूर्चा बनवत नाही. कूर्चेतून आलेली पेशी स्नायू बनवत नाही. कातडीखालच्या थरातल्या पेशी मात्र कूर्चा बनवू शकतात. आणि नव्या पायाचा सांगाडा पुन्हा पहिल्यापासून, कूर्चेच्या साच्यानंच सुरू होतो. लहान ॲक्सोलोटलमध्ये महिना-दीड महिन्यात बोटं दिसतात, पण हाड चढायला त्यानंतरही बराच वेळ जातो. आज आलेला नवा पाय ॲलिझरीनला जवळजवळ दिसत नाही, ॲल्शियन ब्लूला पूर्ण दिसतो. एकच रंग वापरणाऱ्याला वाटेल की सांगाडा आलाच नाही.

ॲक्सोलोटलचा संपूर्ण जनुकसंच २०१८ मध्ये वाचला गेला: ३२०० कोटी अक्षरं, आपल्या सुमारे दसपट. तेव्हापासून एकेक जनुक बंद करून त्याचा सांगाड्यावर परिणाम काय होतो, हे पाहणं सोपं झालंय. पण जनुक बंद केल्यावर शेवटी बघायचं काय? तोच निळा-तांबडा हात.

आमच्या कॉलेजात हे करायचं कसं, हाही तिचा प्रश्न होता. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणीशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं प्राण्यांचं विच्छेदन थांबवलं, आणि मला ते योग्य वाटतं. वर्षानुवर्षं शेकडो बेडूक फक्त एका तासासाठी मेले. रंगवण्याची विद्या शिकायला मात्र बाजारात आधीच मेलेला मासा पुरतो. तिनं बोटाएवढे ताजे मासे आणले, खवले काढले, निळ्या रंगात एकच रात्र ठेवले आणि मोबाइलवर गजर लावला. तीन आठवड्यांनी बाटली खिडकीशी धरली तेव्हा मासा जवळपास नव्हताच; कण्याची तांबडी माळ आणि डोक्याच्या तळाशी निळे पट्टे तेवढे हवेत लटकल्यासारखे.

तिनं छातीच्या पराकडं बोट दाखवलं. पराच्या बुडाशी दोन-चार छोटे दांडे होते, मध्ये तांबडे, टोकांना निळे, सालामँडरच्या बोटासारखे. त्यांच्यापुढच्या लांब काड्या मात्र सरळ तांबड्या. निळ्याचा मागमूस नाही. "मॅडम, ह्या काड्या कूर्चेशिवायच हाड झाल्या काय?" हो, तशाच होतात. कातडीतून थेट. "मग बोटं कशातनं आली, बुडातल्या दांड्यांतनं का काड्यांतनं?" याच प्रश्नावर शुबिन यांच्या प्रयोगशाळेनं २०१६ मध्ये झेब्रा माशांत हॉक्स-१३ गटातली जनुकं बंद करून पाहिली. काड्या आखूड झाल्या आणि बुडातल्या दांड्यांची संख्या वाढली. उंदरात हीच जनुकं मनगट आणि बोटं घडवतात.

तिला आता माशांची चार-पाच दिवसांची पिल्लं हवीत, निळा ठिपका कुठं आधी उमटतो ते पाहायला. बाजारात ती मिळत नाहीत, म्हणून आम्ही गप्पी माशांची टाकी लावायचं ठरवलंय. पिल्लं आपणहून मेली तरच घ्यायची, असं तिनंच सुचवलं. टाकीवर तिनं तारखांचा कागद चिकटवलाय.